चादरीआडच्या तीन गिटारी: मार्टिन, गिब्सन, टेलर आणि आपला मे महिना

सातरस्ता

मंडळी, वीस वर्षं एकाच गिटारीवर काढली. कॉलेजात असताना शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेली, प्लायवूडच्या टॉपची (टॉप म्हणजे समोरची फळी), ब्रिजपाशी, जिथे तारा अडकवतात तिथे, पोट सुटलेली. आता मुलीची फी भरून झाली, गाडीचा शेवटचा हप्ता गेला आणि घरातूनच हुकूम आला की घ्या एकदाची, नाहीतर साठीतही हेच रडगाणं ऐकवाल. बजेट तीन-साडेतीन लाख. एवढ्यात दोन म्हशी येतात हे काकांनी सांगून झालंय, कृपया इथे पुन्हा नको.

माझं मन खरं तर आधीच ठरलेलं होतं. मार्टिन या अमेरिकन कंपनीची डी-२८. १९३१ पासून चालत आलेलं मॉडेल, स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाचा टॉप, पाठ आणि बाजू शिसवी. त्यातही मजा अशी की ते लाकूड आपल्याकडचं आहे. १९६९ पर्यंत मार्टिनवाले ब्राझीलचं शिसवी लाकूड वापरायचे. तिथून ओंडके मिळेनासे झाल्यावर ते भारतातल्या शिसवाकडे वळले. म्हणजे आमच्या आजीचा देव्हारा आणि अमेरिकेतली डी-२८ एकाच जातकुळीतली. हे एकदा डोक्यात बसलं की दुसरी गिटार दिसत नाही हो माणसाला.

तर गेल्या रविवारी जुळे सोलापुरात एका मित्राकडे योग जुळून आला. त्याचा भाऊ अमेरिकेतून डी-२८ घेऊन आला होता. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गिब्सन जे-४५ आहे, आणि पुण्याहून आलेल्या भाच्याकडे टेलर ८१४सीई. तीन गिटारी एका सोफ्यावर शेजारी शेजारी. आम्ही पाच जण नुसते बघत उभे, वरपक्षाकडून आल्यासारखे.

दिसण्याचं आधी सांगतो, कारण खोटं कशाला बोला, पहिली नजर तिथेच जाते. डी-२८ साधी. काळा पिकगार्ड, पिवळसर पांढरी कड, बास. उलटी केली की मात्र चॉकलेटी-जांभळ्या रेघा अशा उभ्या उतरतात की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. जे-४५ चा सनबर्स्ट म्हणजे मधे मधाचा रंग आणि कडेला जाताजाता जवळजवळ काळा, जुन्या वाड्यातल्या चौकटीसारखा. खांदे उतरते. टेलर सगळ्यांत नीटनेटकी. एका बाजूला कापलेला खांदा, कुठे सांधा दिसत नाही, रेघ वाकडी नाही. भाचा म्हणाला, "मामा, ही इस्त्री केलेली आहे." माझं मत तेच, पण मी ते तक्रार म्हणून म्हणेन.

मग डॉक्टरांनी टूम काढली की डोळ्यांनी नको, कानांनी ठरवा. दिवाणखान्याच्या मधोमध दोरी बांधून आपली मोराची चादर टांगली. भाचा चादरीआड, आम्ही पाच इकडे. प्रत्येक गिटार तीनदा, क्रम उलटसुलट, तेच आठ बार (तालाची आवर्तनं), तोच प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती). आम्ही कागदावर लिहायचं की कुठली कोणती आणि आवडली कोणती.

निकाल: मी तिन्ही वेळा जे-४५ ला "मार्टिन" लिहिलं आणि त्यापुढे "हीच!" असं उद्गारचिन्हासकट. खऱ्या डी-२८ पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय "टेलर असावी, जरा कोरडी."

आता सांगा, मी काय करू?

कडकभाकरी

मालक, लै भारी लिहिलाव. म्हशीचं मी बोलणार होतो, राहू द्या.

निशिगंध

वाखुसा (वाचनखूण साठवली). दादा, एक प्रश्न. "कोरडी" म्हणजे नक्की काय? गिटारवाले इंग्रजीतले शब्द जसेच्या तसे वापरतात, मला त्यांचा अर्थच लागत नाही. आपल्या भाषेत सांगाल का?

सातरस्ता

निशिगंध, प्रयत्न करतो. आम्ही लहानपणी भजनात बसायचो, ते शब्द मला जवळचे वाटतात. तार छेडल्यावर आवाज मागे किती रेंगाळतो ती आस. खालच्या दोन तारांचा खर्ज नुसता ऐकू येतो की छातीला लागतो, हा दुसरा भाग. आणि मूळ सुराभोवती जे बाकीचे सूर उमटतात, ज्यामुळे एकच तार भरलेली वाटते, ती गाज. शिसवी गिटारीत ही गाज जास्त असते असं सगळे सांगतात. महॉगनीत मूळ सूर पुढे, भोवतालचं कमी, आणि आस लवकर विरते. मी "कोरडी" लिहिलं ते आस आणि गाज दोन्ही कमी वाटली म्हणून. आणि ते लिहिलं शिसवी मार्टिनपुढे. म्हणजे माझ्या ज्ञानाची काय अवस्था आहे बघा.

सुतारपक्षी

सातरस्ता, तुमच्या ज्ञानाला काही झालेलं नाही, प्रयोगच कच्चा आहे. मी गिटारी दुरुस्त करतो, म्हणून थोडं सविस्तर.

एक. सोलापुरी चादर ही जाड सुती वस्तू आहे. असं कापड वरचे, टिपेचे सूर गिळतं, खालच्यांना तेवढं अडवत नाही. म्हणजे डी-२८ आणि टेलर यांचं जे वेगळेपण वरच्या पट्टीत आहे, तेच तुम्ही दोरीवर टांगून ठेवलंत. जे-४५ चा सगळा जीव मधल्या पट्टीत, ती चादरीतूनही सहीसलामत आली.

दोन. तारा कुठल्या आणि किती जुन्या होत्या?

तीन. टॉप आणि त्याच्या आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, हे गिटारीचं खरं इंजिन. १८६२ मध्ये स्पेनच्या तोर्रेस नावाच्या कारागिराने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. टॉप मात्र उत्तम स्प्रूसचा. आवाज टॉपमधून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये टेलर कंपनीच्या बॉब टेलरने माल वाहायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांपासून गिटार बनवली आणि फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीवर, शिंपल्याची फोर्कलिफ्ट जडवली. चांगला कारागीर असेल तर भंगार लाकूडही बोलतं, हा त्याचा मुद्दा.

आणि २०१८ चा लँकेस्टर विद्यापीठाचा प्रयोग तर तुमच्यासाठीच आहे. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू वेगळ्या: ब्राझीलचं शिसव, भारतीय शिसव, महॉगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ वादकांना वेल्डिंगचे गॉगल लावून अंधुक उजेडात वाजवायला दिल्या. गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेगळी म्हणून ओळखणंही जमलं नाही.

सातरस्ता

सुतारपक्षी, चादरीचं वाचून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तारांचं विचारलं. मार्टिनच्या सहा महिन्यांच्या, हिरवट पडलेल्या. गिब्सनच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात बदललेल्या. हे मी लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा लक्षातच आलं नाही.

पण मग एक शंका. लाकडाने एवढा कमी फरक पडत असेल तर जे-४५ आणि डी-२८ इतक्या वेगळ्या का वाटतात? दोन्हींचा टॉप सिटका स्प्रूसच ना?

सुतारपक्षी

दोन्हींचा सिटकाच. पण अंगकाठी वेगळी आणि तारेची लांबी वेगळी. डी-२८ ची नट ते सॅडल (मोकळ्या तारेची दोन टोकं) लांबी २५.४ इंच, जे-४५ ची २४.७५. तोच सूर, तीच तार, लांबी कमी, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. हिशेब केलात तर साधारण पाच टक्के. बोटांना तार मऊ लागते, टॉपवर ओढ कमी, आवाज जरा सैलावतो, गोडावतो. त्यात आतल्या पट्ट्यांची मांडणी वेगळी, खांदे उतरते. टेलरचं आणखी निराळं. २०१८ पासून त्यांनी बऱ्याच मॉडेलांत शेकडो वर्षांची एक्स आकाराची ब्रेसिंग सोडून व्ही आकाराची आणली, आस वाढावी आणि वरच्या फ्रेटांवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर नेटका लागावा म्हणून.

"शेकडो वर्षांची" जरा जास्त झालं. मार्टिनकडे एक्स ब्रेसिंग १८४० च्या दशकापासून आहे.

पुण्यातला सोलापूरकर

मी सहमत नाही. सुतारपक्षींचं शास्त्र मान्य, पण गिटार ऐकणारा वेगळा आणि मांडीवर घेऊन वाजवणारा वेगळा. डी-२८ ची पाठ वाजवताना पोटाला थरथरते ती समोरच्याला कशी कळणार? शिवाय माणूस लाखो रुपये देतो तो नुसत्या आवाजाचे देत नाही. मी हेरिंगबोनच्या कडेसाठी एचडी-२८ घेतली. माशाच्या काट्यासारखी ती नक्षी मार्टिनने चाळीसच्या दशकात बंद केली आणि १९७६ मध्ये एचडी-२८ वर परत आणली. रोज पेटी उघडली की बरं वाटतं, जास्त वाजवतो. जास्त वाजवतो म्हणून चांगली वाजते. हिशेब संपला.

कडकभाकरी

हे बरोबर बोललाव. दिसायला चांगली नसंल तर हातात कोण घेतंय बे.

निशिगंध

रोचक. मग तो शिंपल्याचा चमचम करणारा काठ असतो ती कुठली?

पुण्यातला सोलापूरकर

ती डी-४५. पहिली १९३३ मध्ये गायक-नट जीन ऑट्री यांच्यासाठी बनली. १९४२ पर्यंत अवघ्या ९१ झाल्या आणि आज त्यांच्या किमतीत सोलापुरात बंगला होईल. कडेनं अबालोन नावाचा शिंपला जडवलेला असतो. पैठणी आहे ती. रोज नेसायची नाही.

मिरजेचा जावई

धागा आवडला म्हणून वाचनमात्र सोडून लिहितोय. सासर मिरजेला, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीशेजारी. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो आपल्या जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तेव्हा सोलापूरकरांनी लाकडाच्या, नादाच्या गप्पा मारणं अगदी रास्त आहे.

गंमत सांगतो. सासऱ्यांच्या शेजारी जवारी लावणारे एक जण होते, त्यांना मी एकदा माझी गिटार दाखवली. त्यांनी तार छेडली, सॅडल बघितलं आणि म्हणाले, "ही तार लगेच उठते, घोडीवर बसतच नाही." तंबोऱ्याच्या घोडीला हलका उतार देऊन तार तिच्यावर घासत ठेवतात, खाली दोरा सरकवून ती जागा शोधतात, तेव्हा ती झणकार येते, तीच जवारी. त्या घासण्यासाठी माणूस अर्धा दिवस कानस घेऊन बसतो. गिटारीत मात्र तार एका टोकावरून सुटसुटीत निघाली पाहिजे. जराशी घासली की आपण "बझ येतोय" म्हणून दुकानात धावतो. त्यांच्या दृष्टीने तुमची लाखाची डी-२८ म्हणजे जवारी न काढलेलं वाद्य.

सातरस्ता

जावईबुवा, वाचनमात्र राहू नका हो. हे वाचून अर्धा तास नुसता सॅडलकडे बघत बसलो.

विजापूरवेस

धाग्याचा काश्मीर व्हायच्या, म्हणजे तो भरकटायच्या, आत मुद्द्यावर येतो. साहेब, तुम्ही सोलापुरात राहता. टोनचं नंतर बघा, लाकूड फाटू नये ते आधी बघा.

मी पाच वर्षांपूर्वी एक ऑल-सॉलिड, म्हणजे प्लायवूड अजिबात नसलेली, गिटार घेतली. दुकानाचं नाव घेत नाही, त्यांनी "काही होत नाही सर, बिनधास्त वापरा" म्हणून पाठवली. एप्रिलमध्ये भिंतीवर टांगली. दुपारी बाहेर ४३ अंश, खोलीतलं हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) २० टक्क्यांच्या आसपास. संध्याकाळी कूलर लावला की तेच ७० वर. महिनाभर रोज असं. आधी फ्रेटांची टोकं बाहेर आली, मान हातात घेतली की करवतीसारखी लागायची. मग टॉप आत बसला, तारा फ्रेटांना टेकायला लागल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री "टक्" असा आवाज आला. मला वाटलं पाल पडली. सकाळी बघतो तर ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी भेग.

टॉपची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते हो. लाकूड आडवं आकसतं, ब्रेसिंग त्याला धरून ठेवतं, मग ते जाणार कुठे?

सुतारपक्षी

विजापूरवेस यांना १०० पैकी १००. नुसता कोरडेपणा एक वेळ परवडला, कूलरचा हा झोका वाईट. बहुतेक कारखाने गिटारी ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत बनवतात, तेवढीच तिला घरी द्या. मार्च ते जून पेटीत ठेवायची, पेटीत ४९ टक्के आर्द्रता राखणारी पुडी किंवा घरगुती उपाय: साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, पण घट्ट पिळलेला स्पंज. डबी हेडस्टॉकपाशी, म्हणजे खुंट्यांच्या टोकाशी, ठेवा, टॉपला लागू देऊ नका. पावसाळ्यात काढून टाका.

आणि मार्टिन-गिब्सनवाल्यांना आणखी एक. त्यांचं पॉलिश नायट्रो लॅकरचं असतं. स्वस्तातल्या स्टँडच्या रबराशी त्याचं जमत नाही, महिनाभर टेकवून ठेवलीत तर रबराचा ठसा उमटतो, कायमचा. टेलरचं पॉलिस्टर अंगाने टणक आहे, तिला हा आजार नाही. सौंदर्याच्या गप्पांत हे कोणी सांगत नाही.

निशिगंध

सातरस्ता दादा, प्रयोग पुन्हा करा ना. चादर न लावता.

सातरस्ता

केला! कालच रविवार होता.

या वेळी तिन्हींना एकाच पाकिटातल्या १२-५३ जाडीच्या फॉस्फर ब्राँझ तारा, दोन दिवस आधी चढवलेल्या. चादर नाही. आम्ही पाचही जण भिंतीकडे तोंड करून बसलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मित्राची आई चहा घेऊन आली, आमचा अवतार बघितला आणि एक शब्द न बोलता परत गेली.

टेलर पाचही जणांनी तिन्ही वेळा ओळखली. प्रत्येक तार सुटी ऐकू येते. जोरात वाजवलं तरी सहा तारा सहाच राहतात, त्यांचा लोळ होत नाही. भाचा बोटांनी वाजवायला लागला तेव्हा तर मी कागदावर फक्त "वा" लिहिलं. पण स्ट्रमिंगवर (सगळ्या तारा एकदम छेडत) मी गायला लागलो (हो, गायलो) तेव्हा तिचा वरचा सूर माझ्या आवाजाच्या जागेवरच येऊन बसत होता.

नव्या तारांनी डी-२८ बदललीच. "कोरडी" हा शब्द मागे घेतो. सगळ्यांत जाड तार छेडली की आवाज भिंतीतून आल्यासारखा येतो आणि वर रुपेरी झालर. खर्ज आणि टीप दोन्हीकडे भरपूर, मधे जागा मोकळी. चार जण वाजवत असतील तर हीच वर राहील. तिला या वेळी तिघांनी ओळखलं, त्यात मी होतो. आत्मसन्मान थोडा परत मिळाला.

आणि तरीही आवडलेली कोणती, या रकान्यात माझं पुन्हा जे-४५. धप्प असा आवाज, आस कमी, पण शब्दाच्या मागे राहते. मी थांबलो की तीही थांबते. डॉक्टर म्हणाले, तुला शिसवी नकोच आहे, तुला जे-४५ सारखी महॉगनी हवी आहे, तू देव्हाऱ्याच्या नादात फसला आहेस.

पुण्यातला सोलापूरकर

मग डी-१८ का बघत नाही? मार्टिनच, अंगकाठी डी-२८ चीच, लांबी २५.४ च, पण महॉगनी. डी-२८ पेक्षा थोडी स्वस्तही पडते. जे-४५ पेक्षा जास्त खणखणीत, डी-२८ पेक्षा कमी पसरणारी. दिसायला मात्र अगदीच साधी. पाठीला रेघा नाहीत, काही नाही. कॅन्टीनच्या टेबलासारखी तपकिरी.

कडकभाकरी

कॅन्टीनचं टेबल तीन लाखाला. म्हैस परत आठवू लागली मला.

मिरजेचा जावई

सुतारपक्षींना एक विचारायचं राहिलं. टेलरच्या फ्रेटबोर्डवर राखाडी पट्टे दिसतात, ते खराब आबनूस म्हणायचं का?

सुतारपक्षी

अजिबात नाही. टेलरने २०११ मध्ये कॅमेरूनमधली आबनुसाची गिरणी भागीदारीत विकत घेतली. तिथे कळलं की दहा झाडं तोडली तर एकच आतून पूर्ण काळं निघतं. काळं आहे की पट्ट्यांचं हे तोडल्याशिवाय समजत नाही, आणि उरलेली नऊ तिथेच जंगलात सोडून द्यायची पद्धत. कारण काय, तर आपल्याला काळंच हवं. तेव्हापासून ते पट्ट्यांचं लाकूडही वापरतात. हातात धरून बघा, वाजण्यात तसूभर फरक नाही.

विजापूरवेस

हे माहीत नव्हतं. मी एकदा पट्टे दिसले म्हणून गिटार परत पाठवली होती.

सातरस्ता

अपडेट. शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन आलो. तिथे डी-१८, डी-२८ आणि जे-४५ तिन्ही होत्या. दुकानातल्या मुलाला म्हटलं, मी डोळे मिटतो, तू एकेक हातात देत जा. त्याने माझ्याकडे जरा दया आल्यासारखं बघितलं, पण दिल्या.

हातात घेतल्यावर मात्र पुण्यातला सोलापूरकर यांचं म्हणणं पटलं. डी-२८ पोटाशी खरंच थरथरते. दहा मिनिटं मी तिच्यावरून उठलो नाही. मग गाऊन बघितलं आणि उरलेल्या दोघींतच घुटमळायला लागलो. जे-४५ च्या तारा बोटांना मऊ, पण मी प्लेक्ट्रम जोरात मारतो, वीस वर्षांची वाईट सवय आहे, तेव्हा ती लवकर दबायची. दुसरी दबत नव्हती. डोळे उघडले तर डी-१८. कॅन्टीनचं टेबल.

शेजारी डी-२८ पाठ करून ठेवली होती, त्या रेघा दिसत होत्या. तिच्याकडे न बघता पैसे भरले.

परतीच्या गाडीत पेटी दोन सीटच्या मधे उभी धरून आणली. समोरच्या आजोबांनी विचारलं, "हार्मोनियम का?" हो म्हटलं. घरी पेटी उघडली तेव्हा हायग्रोमीटर ३१ दाखवत होतं. साबणाची डबी आत ठेवली आहे, कूलर दुसऱ्या खोलीत हलवला आहे. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

कडकभाकरी

अभिनंदन मालक. फोटो टाका.

सातरस्ता

टॉपचा टाकतो. पाठीचा कशाला.